बैलाच्या कातड्याएवढं राज्य

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाची गोष्ट. हॉस्टेलवर रात्री दीडच्या सुमारास, परीक्षा संपलेली, मॅगी खाऊन झालेली, आणि बोलता बोलता विषय ॲडमिशनवर आला. कुणाला किती मार्क, कुणाची कुठली सीट. अशा गप्पा कुठे जातात ते तुम्हाला माहीत असेल. एका मित्राने फोनवर विकिपीडियाचं पान उघडून माझ्यासमोर धरलं. "हे बघ, तुमच्यात तर राजा होऊन गेलाय. संस्थान होतं. पॅलेस आहे अजून. नऊ तोफांची सलामी! आणि तुम्हाला एसटीच्या सवलती?"

पान जव्हार संस्थानचं होतं. राजघराण्याचं आडनाव मुकणे, जमात महादेव कोळी.

मी महादेव कोळी, गाव घोटी, तालुका इगतपुरी. मित्र वाईट नव्हता, आजही नाही. त्याला खरंच प्रश्न पडला होता. मला उत्तर देता आलं नाही, कारण जव्हारबद्दल मला काहीच माहीत नव्हतं. घरात राघोजी भांगरेंचं नाव ऐकलेलं, १८४८ साली ठाण्यात इंग्रजांनी फाशी दिलं ते. पण राजा? राजा आमच्या बोलण्यात कधी आला नव्हता. आणि 'मुकणे' म्हटलं की मला एकच गोष्ट आठवायची, मुकणे धरण. घोटीहून नाशिककडे जाताना लागतं, दहा-बारा किलोमीटरवर. नाशिक शहराला त्याचं पाणी जातं.

पुढे कळलं की धरण आणि राजा, दोन्ही नावं एकाच गावातून निघालीत.

इंग्रजांच्या काळातल्या गॅझेटियरमध्ये जव्हारच्या घराण्याची मूळकथा दिली आहे. थळ घाटाजवळ, म्हणजे आपला कसारा घाट, मुकणे इथं एका कोळी नाईकाची मातीची छोटी गढी होती. त्याचं नाव जयबा. गॅझेटियर त्याला 'पौपेरा' असंही म्हणतं. साहेबाने जे ऐकलं ते लिहिलं, पण हे 'पोपेरे' असणार असं मला वाटतं. हे आडनाव आमच्याकडे आजही आहे. बियाणं जपणाऱ्या, पद्मश्री मिळालेल्या राहीबाई पोपेरे आमच्या शेजारच्या अकोले तालुक्यातल्या, महादेव कोळीच.

तर हा जयबा पिंपरीच्या एका स्थानाच्या दर्शनाला गेला. तिथं पाच कोळी भिक्षेकऱ्यांनी त्याला आशीर्वाद दिला, 'तू राजा होशील'. ही पिंपरी कोणती? इगतपुरीजवळ पिंप्री सदो आहे. आता समृद्धी महामार्गामुळे हे नाव सगळ्यांच्या तोंडी झालंय. सातबाऱ्यावर त्याच गावाचं नाव पिंप्री सद्रोद्दीन. आणि खुद्द जव्हारमध्ये सदरुद्दीन चिश्तींचा दर्गा आहे, तिथला उरूस मोठा भरतो. मला या दोन टोकांमध्ये एक धागा दिसतो. राज्याचा आशीर्वाद एका पिराच्या नावाने वसलेल्या गावातून निघाला आणि राजधानीतही त्याच नावाचा पीर बसला, असा. हा माझा तर्क आहे, तो तर्क म्हणूनच घ्या.

आशीर्वाद मिळाल्यावर जयबाने माणसं जमवली. पेठ, धरमपूरकडे गेला, पुढे सुरतेवरून काठेवाडात, तिथं सात वर्षं काढली. परत आला तेव्हा जव्हार एका वारली नायकाकडे होतं. जयबाने त्याच्याकडे जमीन मागितली. किती? एका बैलाच्या कातड्यात मावेल एवढी. वारली नायक हसून हो म्हणाला असेल. जयबाने कातड्याच्या बारीक वाद्या कापल्या, एकीला एक जोडली, आणि नायकाच्या गढीसकट सगळ्या जागेला वेढा घातला. नायकाला शब्द पाळावा लागला. त्याला गंभीरगडाकडचा मुलूख मिळाला आणि जव्हार कोळ्यांचं झालं.

ही गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा लगेच कागद घेऊन बसलो. सवय. एका बैलाचं कातडं साधारण चार चौरस मीटर धरू. दोन मिलिमीटर रुंदीची वादी कापली (कापणाऱ्याच्या हाताला नमस्कार), तर एकूण लांबी दोन हजार मीटर, म्हणजे दोन किलोमीटर. एवढ्या लांबीने जास्तीत जास्त जागा घेरायची तर वर्तुळ करायचं. क्षेत्रफळ येतं तीन लाख अठरा हजार चौरस मीटर, जवळपास ७९ एकर. गढी आणि एक छोटं गाव नक्की बसतं. आणि जयबा आणखी हुशार असेल तर त्याने एका बाजूला दरीचा कडा धरला असेल. जव्हार पठारावर आहे, कड्यांची कमी नाही. कड्याच्या बाजूला वादी लागतच नाही, मग अर्धवर्तुळ, आणि जागा बरोबर दुप्पट, १५७ एकर.

गंमत म्हणजे नेमकं हेच गणित जगभर एका राणीच्या नावाने शिकवतात. आजच्या ट्युनिशियात कार्थेज नावाचं शहर होतं. ते वसवणारी राणी डिडो भावापासून पळून तिथं आली, तिनेही बैलाच्या कातड्याएवढीच जमीन मागितली, तिनेही वाद्या कापल्या, आणि समुद्रकिनारा एका बाजूला ठेवून अर्धवर्तुळ आखलं. गणितात त्याला 'डिडोचा प्रश्न' म्हणतात. ही कथा सह्याद्रीत कशी पोचली की इथल्याच कुणाला वेगळी सुचली, यात मी शिरत नाही.

मला खटकली ती पुढची आकडेमोड. विसाव्या शतकात जव्हार संस्थान ३१० चौरस मैलांचं होतं, म्हणजे सुमारे १ लाख ९८ हजार एकर. त्यात कातड्याचे ७९ एकर म्हणजे ०.०४ टक्के. उरलेले ९९.९६ टक्के कुठून आले? ते सांगायला कथा थांबत नाही. मोठ्या जमिनी कशा मिळतात हे आपल्याला माहीत आहे. कातडं ही त्यातली सांगण्यासारखी बाजू. आणि जव्हारमध्ये सगळ्यात आधी राज्य गमावलेला माणूस होता तो वारली नायक. त्याला कथेत नावसुद्धा नाही. पौपेराचा उच्चार साहेबाने चुकवला, पण निदान लिहिला तरी.

जयबाच्या मुलाला, नेमशहाला, दिल्लीच्या सुलतानाने मान्यता दिली. तारीख सांगतात ५ जून १३४३. त्या दिवसापासून जव्हारचा स्वतःचा शक सुरू झाला. २२ किल्ले आणि वर्षाला नऊ लाखांचा वसूल असं त्या राज्याचं वर्णन आहे. 'शहा' ही पदवी घराण्याला चिकटली ती कायमची. राजाचं घरचं नाव काहीही असो, गादीवर तो पतंगशहा, विक्रमशहा किंवा कृष्णशहा. एक महादेव कोळी घराणं, सहाशे वर्षं, शहा नावाने. शाळेत इतिहासाच्या तासाला हे कुणी सांगितलं असतं तर मी झोपलो नसतो.

मग शिवाजी महाराज. जव्हारजवळ शिरपामाळ नावाचं माळरान आहे, तिथं स्मारक आहे. सुरतेच्या पहिल्या स्वारीवर जाताना महाराज या वाटेने गेले, विक्रमशहा त्यांना तिथं भेटला आणि त्याने महाराजांच्या शिरावर शिरपेच चढवला, म्हणून शिरपामाळ, असं जव्हारकर सांगतात. पर्यटनाच्या रीलमध्ये गोष्ट इथंच संपते. पुढचा भाग रीलमध्ये नसतो. १६७२ च्या जूनमध्ये मोरोपंत पिंगळ्यांच्या फौजेने जव्हार घेतलं, सतरा लाखांचा खजिना हाती लागला, आणि विक्रमशहा मोगलांच्या मुलखात, नाशिककडे पळून गेला. इतिहासकार जदुनाथ सरकारांनी तारीख दिली आहे ५ जूनच्या सुमाराची. १३४३ चीही ५ जून. तीनशे एकोणतीस वर्षांनी तोच दिवस! कॅलेंडरं बदलली आहेत, जुन्या तारखा नव्या पद्धतीत आणल्या की दहा दिवस इकडचे तिकडे होतात, तेव्हा या योगायोगावर मी काही उभं करणार नाही. तारखांच्या बगमध्ये मी ऑफिसात पुरेशा रात्री घालवल्या आहेत.

पण एक चित्र डोक्यातून जात नाही. जव्हारहून नाशिककडे पळायचं म्हणजे घाट चढून वर यायचं. ज्या मुलखातून जयबा खाली उतरला होता, त्याच मुलखाकडे तीनशे वर्षांनी त्याचा वंशज उलटा आला, राज्य खाली सोडून.

घराणं संपलं नाही. गादी परत मिळाली, राज्य मात्र आकसत गेलं. पेशव्यांनी चांगला मुलूख घेत घेत शेवटी डोंगराळ, जंगलाचा तुकडा तेवढा शिल्लक ठेवला. इंग्रजांनी तो तुकडा तसाच गोठवला आणि वर नऊ तोफांची सलामी दिली. सलामीच्या तोफा म्हणजे त्या काळातलं रेटिंग. हैदराबाद, बडोदा, ग्वाल्हेरला २१. नऊ म्हणजे यादीतली शेवटची पायरी. त्याखाली बिनतोफांची शेकडो संस्थानं होती, म्हणून नऊही कमी नव्हेत. पण माझ्या मित्राला फोनच्या स्क्रीनवर जो दबदबा दिसला, तो तोफांच्या आवाजाएवढाच होता. गावं विखुरलेली, नाचणी-वरईची शेती, उत्पन्नाचा मोठा आधार जंगल.

शेवटचा राजा यशवंतराव. जन्म ११ डिसेंबर १९१७. वडील विक्रमशहा १९२७ च्या डिसेंबरात गेले, तेव्हा हा दहा वर्षांचा. गादीवर नाव पतंगशहा, पाचवा. तो सज्ञान होईपर्यंत कारभार दुसऱ्यांनी पाहिला, आणि १९३८ मध्ये, विसाव्या वर्षी, पूर्ण अधिकार त्याच्या हाती आले. म्हणजे खऱ्या अर्थाने राज्य केलं ते दहाच वर्षं. त्या दहा वर्षांत दुसरं महायुद्धही आलं आणि राजा हवाई दलात गेला. आज जव्हारला जाणारे लोक ज्याचे फोटो काढतात तो जयविलास राजवाडा यशवंतरावांचाच. काजूच्या झाडांमध्ये, गुलाबी छटेच्या दगडाचा, खांब आणि घुमट युरोपच्या वळणाचे. पॅलेसचं कौतुक होतं, ते ठीकच. मला त्या काळातलं जास्त आवडलेलं बांधकाम म्हणजे जयसागर, संस्थानकाळातलं धरण. जव्हार शहर अजून त्याचं पाणी पितं.

१५ ऑगस्ट १९४७ ला यशवंतराव एकोणतीस वर्षांचे होते. म्हणजे आज मी आहे जवळपास तेवढे. मी या वयात प्रमोशनची वाट बघतोय. त्यांच्यासमोर सामीलनामा होता, आणि १९४८ साली विलीनीकरण. सहाशे पाच वर्षांचं राज्य ठाणे जिल्ह्यातला एक तालुका झालं. लढाई नाही, वेढा नाही, खजिना लुटला नाही. सही. त्या दोन-तीन वर्षांत साडेपाचशेच्या वर संस्थानिकांनी अशा सह्या केल्या. बदल्यात पदवी, राजवाडा आणि वार्षिक तनखा.

राज्य गेलेल्या राजाचं पुढे काय होतं? यावर मी बरंच वाचलं, आणि त्यात जर्मनी सापडला. १९१८ च्या नोव्हेंबरात जर्मनी युद्ध हरला आणि तीनेक आठवड्यांत तिथले झाडून सगळे बावीस राजे, ग्रँड ड्यूक, ड्यूक, प्रिन्स गादीवरून उतरले. काहींची राज्यं जव्हारसारखीच, नकाशात बोटाखाली झाकली जातील एवढी. बहुतेक जण वाड्यात बसून राहिले. त्यांतला एक, साक्स-कोबुर्गचा ड्यूक कार्ल एदुआर्द, व्हिक्टोरिया राणीचा नातू. तो हिटलरच्या पक्षात गेला आणि १९३६ नंतर जर्मन संसदेत बसला. पण तोवर त्या संसदेत दुसरा पक्ष उरलाच नव्हता. लोकांनी निवडायचं असं काही नव्हतंच. टाळ्या वाजवायला नेमलेली माणसं.

यशवंतरावही संसदेत गेले. फरक असा की त्यांना मतं मागावी लागली.

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून थोडा थांबतो. १९४५ साली जव्हारच्या शेजारी, उंबरगाव-डहाणूकडे, वारली उठले होते. जमीनदारांकडची वेठ आणि लग्नाच्या कर्जापायी पिढ्यान्‌पिढ्या राबणारे लग्नगडी, हे दोन्ही त्यांनी मोडून काढलं. गोदावरी आणि शामराव परुळेकर त्यांच्यासोबत होते. 'जेव्हा माणूस जागा होतो' हे गोदावरीबाईंचं पुस्तक त्याच लढ्यावरचं. तेव्हापासून या पट्ट्यात लाल बावटा रुजला तो आजवर. १९५७ ला ठाण्यातून शामराव परुळेकर कम्युनिस्ट म्हणून लोकसभेवर गेले. पुढच्या, १९६२ च्या निवडणुकीत भिवंडीच्या जागेवर काँग्रेसने उभं केलं यशवंतराव मार्तंडराव मुकणे यांना. लाल बावट्यापुढे राजा, हा हिशेब उघड दिसतो. ते निवडून आले. १९६७ ला डहाणूतून पुन्हा.

दोन्ही जागा राखीव होत्या. अनुसूचित जमातींसाठी.

म्हणजे काय झालं ते बघा. राखीव जागेवर उभं राहायचं तर उमेदवारी अर्जात आपली जमात जाहीर करावी लागते. नऊ तोफांचा राजा, पतंगशहा पाचवा, ज्याच्या पूर्वजाला दिल्लीने शहा केलं, त्याने सरकारी कागदावर सांगितलं की मी कोळी महादेव, अनुसूचित जमात. आणि ते खोटं नव्हतं. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशातल्या यादीत हे नाव आहे. राजा असताना त्याला 'हिज हायनेस' लिहीत, त्याच्या प्रजेला 'जंगली जमाती' लिहीत. जुन्या कागदांत दोघांमध्ये केवढं अंतर होतं! राज्य गेल्यावर दोघं एका यादीत आले.

हॉस्टेलवरच्या माझ्या मित्राचा प्रश्न हाच होता, उलट्या बाजूने विचारलेला. राजा असताना सवलत कशाला? मी त्या रात्री गप्प बसलो, त्याला आणखी एक कारण होतं. त्याच महिन्यात माझ्या जात पडताळणीची फाईल अडकली होती. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर नुसतं 'कोळी' लिहिलेलं. मास्तरांनी पुढचा शब्द लिहिला नाही, कदाचित शाई वाचवली. आता मला सिद्ध करायचं होतं की माझा आजोबा महादेव कोळीच होता. बाबांनी पुरावे शोधत तीन तालुके पालथे घातले. आप्तभाव चाचणीत विचारलं, कुलदैवत कोणतं, लग्नात काय करता, मेलेल्याचं काय करता. बाबा भात गिरणीत काम करतात, कमी बोलतात. ते उत्तरं देत राहिले. शेवटी चुलत पणजोबांचा एक जुना उतारा मिळाला, त्यावर पूर्ण शब्द होता, आणि फाईल सुटली. त्या दिवसांत मला जव्हारच्या राजाचा राग यायचा. याचा पॅलेस आम्हाला का दाखवतात? तो आमचा असता तर आम्हाला एक शब्द सिद्ध करायला वर्ष लागलं असतं का?

राग आता उरलेला नाही, कारण आता त्या राज्याचं आतलं चित्र दिसतं. एखाद्या जमातीत राजा होता म्हणजे जमात श्रीमंत होती असं आपण समजतो, कारण राज्य म्हटलं की डोळ्यांपुढे बडोदा येतं. जव्हारला एका घराण्याकडे राजवाडा होता. बाकी कोळी, वारली, ठाकर, कातकरी डोंगर खरवडून नाचणी पिकवत होते. १९९२ ला याच जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने शंभराहून जास्त लहान मुलं गेली. राजवाड्यापासून फार लांब नाही ते. मुंबईपासूनही नाही. संस्थान जाऊन तेव्हा चव्वेचाळीस वर्षं झाली होती, म्हणजे दोष एकट्या राजांवर टाकून मोकळं होता येत नाही. लोकशाहीच्या नावावरही तो मांडावा लागतो.

यशवंतरावांच्या खासदारकीतला एक प्रसंग तर कथा लिहिणाऱ्यालाही सुचला नसता. १९७० च्या सप्टेंबरमध्ये इंदिरा गांधींच्या सरकारने संस्थानिकांचे तनखे आणि पदव्या रद्द करण्याचं विधेयक लोकसभेत आणलं. यशवंतराव त्या सभागृहाचे सदस्य, त्याच पक्षाचे, आणि ज्यांचे तनखे जाणार त्यांच्यातलेही एक. लोकसभेत विधेयक पास झालं, राज्यसभेत एका मताहून कमी फरकाने पडलं. सरकारने मग राष्ट्रपतींच्या आदेशाने राजांची मान्यताच काढली, सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबरमध्ये तो आदेश रद्द केला, मध्ये निवडणूक झाली, आणि १९७१ संपता संपता २६ व्या घटनादुरुस्तीने विषय मिटला. राजा हा शब्द कायद्यातून गेला. १९४८ ला राज्य गेलं होतं, हे उरलेलं तेवीस वर्षांनी.

१९७७ च्या निवडणुकीत डहाणूतून मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे लहानू कोम निवडून आले. आदिवासी घरातले, लाल बावट्यात घडलेले, राजघराण्याशी संबंध नसलेले. जयबाच्या कथेतल्या त्या बिननावाच्या नायकाची मला इथं आठवण झाली. पुढच्या वर्षी, ४ जून १९७८ ला, यशवंतराव गेले. वय साठ.

एका माणसाचं आयुष्य म्हणून पाहिलं तर मला ते हरलेलं वाटत नाही. दहाव्या वर्षी न मागता गादी मिळाली, तिशीत ती काढून घेतली गेली, आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी त्याच डोंगरांत हात जोडून फिरावं लागलं. राजा म्हणून त्यांना कुणी निवडलं नव्हतं, खासदार म्हणून दोनदा निवडलं. अर्थात, राजा होते म्हणूनच लोकांनी मतं दिली असंही कुणी म्हणेल. काहींनी दिलीही असतील. पण पुढच्या वेळी न देण्याची सोय त्या मतपत्रिकेत होती. जयबाच्या वेळी वारल्यांना ती नव्हती.

मागच्या पावसाळ्याच्या शेवटी बाबांना घेऊन जव्हारला गेलो. घोटीहून वैतरणेच्या बाजूने त्र्यंबक, पुढे मोखाडा, मग जव्हार. बाईकवर अडीच-तीन तास, बाबा मागे बसून दर वळणावर "हळू घे" म्हणत होते. राजवाड्यासमोर कॉलेजची पोरं फोटो काढत होती. बाबांनी चप्पल काढू का विचारलं, मी म्हटलं देऊळ नाही ते. तरी त्यांनी टोपी सरळ केली. बराच वेळ भिंतींचे दगड बघत उभे राहिले. मग विचारलं, "ह्यांचा दाखला कुणी तपासला असंल का रं?"

मी हसलो. ते हसले नाहीत, खरंच विचारत होते.

येताना नाशिकवरून आलो, घोटीच्या अलीकडे मुकण्याला थांबलो. एका टपरीवर चहा घेतला. टपरीवाल्याला विचारलं, इथं पूर्वी कोण्या नाईकाची गढी होती म्हणतात, ठाऊक आहे का? त्याने मान हलवली. "धरण आहे ना," म्हणाला, "इथून सरळ." बाबांनी धरणाकडे बघितलं, यंदा पाणी वर आहे म्हणाले, आणि चहाचे पैसे द्यायला खिशात हात घातला.